कोबीकाकांच्या कालवणाची वाटी

सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या मजल्यावर किसणीचा आवाज सुरू व्हायचा. खर्र, खर्र, अगदी एका लयीत. नव्या माणसाला वाटायचं, कोणाकडे तरी सुतार लागलाय. ते कोबीकाका असायचे. कोबीचा गड्डा बारीक किसायचा, मोहरी-हळदीची फोडणी द्यायची, झाकण ठेवून एक वाफ आणायची आणि ताटात वाटीने चक्क मूद पाडायची. आल्यागेल्याला म्हणायचे, "बसा, भात वाढतो." पहिला घास घेतल्यावर पाहुण्याचा चेहरा पडला की काका खूश. "काय, फरक जाणवला का?" असं ते इतक्या गंभीरपणे विचारायचे की "नाही" म्हणण्यावाचून गत्यंतर नसायचं. मी तर दोनदा मागून घेतला होता. माणसाला इतका आनंद होत असेल तर कोबी काय, मी भुसाही खाल्ला असता.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंना मागच्या इमारतीत बंद दारांची घरं मिळाली. काका-काकू समोरच्या दारात. काकांची सगळी नोकरी भाडेकरूंचे खटले चालायचे त्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना एक तर मालक वाटायची, नाहीतर भाडेकरू. तपासणीत साखर निघाली तेव्हा त्यांनी जिन्यात उभं राहून निकाल वाचला. "तांदूळ हा भाडेकरू आहे. एकदा आत घेतला की हलत नाही. आजपासून त्याला घर खाली करायला लावलंय. अपील नाही."

आम्ही हसलो. पण त्यांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेपायीच गुडघ्यापासून गेला होता आणि त्या भावाला रोज उचलून खुर्चीत बसवायचं काम काकांनीच केलं होतं. तेव्हा विनोद कितीही झाले तरी त्या घरात भात शिजणार नाही, हे आम्हाला कळलं होतं.

काकांच्या बंगळुरूच्या मुलाने लगेच एक खोकं पाठवलं. बदामाचं पीठ, कसल्याशा बारीक काळ्या बिया, परदेशी तेलाची बाटली. काकांनी किंमत वाचली आणि पाकीट दोन्ही हातांनी अलगद देवासमोर ठेवलं. "हे खायचं नाही, ह्याला नमस्कार करायचा," म्हणाले. पेन्शन तेवढीच आणि नव्या इमारतीचा मेंटेनन्स चाळीच्या भाड्यासारखा नव्हता. मग काकांनी आपली वेगळी वाट काढली. अंडी, ताक, भिजवलेले शेंगदाणे, पावसाळ्यात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला, कांद्यावर परतलेला जवळा. आणि मासळी. पापलेट-सुरमईकडे न बघता मांदेली, बोंबील, बांगडा, तेही संध्याकाळी बाजार उठताना.

मासळीवाली मावशी वरळी कोळीवाड्यातून यायची. काका सकाळी दूध आणायला जाताना तिची टोपली बघून ठेवायचे आणि संध्याकाळी भाव करायला हजर. एकदा मी बरोबर होतो. मावशी म्हणाली, "सकाळी बघून जाता, संध्याकाळी हुंडा मागायला येता. पोरगी आहे का ही?"

"पोरगी असती तर तुला उलटा आहेर केला असता," काका म्हणाले. "हे बोंबील आहेत. सकाळपासून त्यांचं वय वाढलंय."

"तुमचं कमी झालं का?" असं म्हणत तिने वाटा पिशवीत ओतला आणि वर दोन मांदेली जास्त टाकली. काका घरी येईपर्यंत त्या दोन मांदेल्यांचंच कौतुक करत होते.

बुधवारचं कालवण काका स्वतः करायचे. ओलं खोबरं, धणे, लाल मिरची, त्रिफळं, सगळं पाट्यावर वाटून. आणि एकाच्या सुमाराला त्याची एक वाटी आमच्याकडे यायची, कडांवर नक्षी असलेली जुनी पितळी वाटी. घेऊन यायच्या काकू. वाटी रिकामी परत पाठवायची नाही ही चाळीतली रीत, पण साखरेच्या घरात परत पाठवायचं काय, ह्यावर आईचं डोकं चालायचं. खीर चालत नाही, पोळी चालत नाही. शेवटी एक लिंबू, नाहीतर चार हिरव्या मिरच्या. "परतफेड नव्हे, दंड वाटतो," आई म्हणायची.

आता काकूंविषयी. डॉक्टरांनी भात बंद केला तो काकांचा. काकूंना साखर नव्हती, रक्तदाब नव्हता, काही नव्हतं. पण काका म्हणाले होते, "दोन माणसांचे दोन स्वयंपाक परवडत नाहीत. आणि कुकरची शिट्टी ऐकली की माझा धीर सुटतो, हे तुला माहीत आहे." काकू बरं म्हणाल्या आणि त्यांनी तांदळाचा डबा आमच्याकडे आणून दिला. देवगडकडच्या बाई त्या. भाताशिवाय जेवण म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं तोंड चाळवणं. कोबीची मूद मोडून त्या काकांसमोर दोन घास खायच्या आणि "आज छान झालाय हां तुमचा भात" असं म्हणायच्या.

आणि बुधवारी वाटी घेऊन आमच्याकडे आल्या की दार लावून घ्यायच्या. आई आधीच पान मांडून ठेवायची. मी घरून काम करत असलो तर लॅपटॉपसकट मला आतल्या खोलीत हाकलायचं, अशी पद्धत. पण मी डोकावायचोच. काकू मांडी घालून बसायच्या, भातावर ते कालवण ओतायच्या, पहिला घास गिळून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आता बरा वाटला गो." मग आईला दटावायच्या, "ह्यांना कळता नये हां. जिवाला लावून घेतील."

"त्यांना संशय येत नाही?" आईने एकदा विचारलं.

"कसला संशय? तेच सांगतात, सावकाश ये, घाई करू नको, मी जरा पडतो. मी परत जाते तेव्हा घोरत असतात."

अशी कितीतरी वर्षं गेली. काकांची साखर आटोक्यात राहिली, दोन्ही पाय शाबूत राहिले. जिन्यावरून उतरताना ते मुद्दाम पावलं आपटत उतरायचे, ऐका म्हणून. आणि एका सकाळी देवाला फुलं वाहताना काकू खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांच्याबाबतीत कोणी कधी काळजीच केली नव्हती. सगळं लक्ष काकांच्या पायांकडे.

दहाव्याला मी बाणगंगेवर बरोबर होतो. मुलाने विधी केले. तिथेच भात शिजवला, भटजींनी सांगितलं तसे पिंड केले आणि पानावर मांडून तो मागे सरकला. आता थांबावं लागणार म्हणून सगळ्यांनी हात जोडायची तयारी केली होती. नीट जोडलेही नव्हते, तोच कठड्यावरून कावळा झेपावला आणि भरल्या चोचीने उडून गेला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. "काही अडलं नाही तिचं. तृप्त गेली," कोणीतरी म्हणालं. काका माझ्या शेजारी होते. ते त्या पानाकडे बघत एवढंच म्हणाले, "केवढी भूक होती रे तिला."

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "गुपित कसलं राखत बसायचं आता. त्यांना सांगायलाच हवं. बाई उपाशी गेली असं समजून जगायचे ते."

तेरावा झाल्यानंतरच्या बुधवारी दाराची बेल वाजली. वाटी घेऊन काका स्वतः आले होते. कालवण तेच, त्रिफळांच्या वासाचं. आईने त्यांना बसवलं. नेमके काकू बसायच्या तिथेच ते बसले.

"भाऊजी, एक बोलायचं होतं," आई म्हणाली. "वहिनी उपाशी नव्हत्या. दर बुधवारी इथे भात जेवायच्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

काका वाटीची कड पुसत होते. "ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "म्हणून तर कालवण पाठवायचो. कोरडा भात तिच्या घशाखाली उतरत नाही."

काका पुढे म्हणाले, "घरीच शिजव आणि जेव, एवढं म्हणायचं होतं. दर बुधवारी म्हणायचं ठरवायचो. पण शिट्टी झाली असती तर मीपण पानावर बसलो असतो. स्वतःची खात्री नव्हती. मग पडून राहायचो डोळे मिटून, ती हात धुऊन येईपर्यंत." त्यांनी वाटी खाली ठेवली. "तिला पोटभर जेवताना मी शेवटची कधी पाहिली, ते काही आठवत नाही. तुम्ही पाहिलीत. कशी जेवायची, सांगा ना."

आईने सांगितलं. मांडी कशी घालायच्या, भातात खळगा करून कालवण कसं ओतायच्या, काटे ताटाच्या कडेला कसे ओळीने लावून ठेवायच्या. काका ऐकत होते. कोर्टात साक्ष ऐकावी तसे, मध्ये न बोलता.

"दुसऱ्यांदा घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"नको नको म्हणत घ्यायच्या."

"हां," काका म्हणाले. "नको नको म्हणतच."

मग ते उठले. आईने वाटी धुतली, पुसली आणि नेहमीसारखं तिच्यात एक लिंबू ठेवलं. काका वाटी घेऊन समोरच्या दारात गेले. थोड्या वेळाने त्या दारापलीकडून किसणीचा आवाज आला. एका माणसापुरता. लगेच थांबला.