अक्षतांशिवाय आलेली पत्रिका

७ मे. नागपुरात एव्हाना घरोघरचे कूलर सुरू झालेले असतात. माझा अजून कोरडा होता. अंगणात बसून त्यातलं जुनं गवत काढत होते, तेवढ्यात शेजारीण मोबाइल घेऊन कुंपणापाशी आली. कुणीतरी लग्नपत्रिका पाठवली होती. ती उघडत नव्हती आणि फोन सारखी कसलीतरी परवानगी मागत होता. मी आधी तिच्या हातून फोन काढून घेतला. ज्यांनी पाठवली त्यांना फोन लावून विचार, म्हटलं. ती म्हणाली, "बरं दिसेल का ते?"

हाच विचार करून एक गृहस्थ गप्प बसले होते, आणि त्यापायी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन जवळजवळ हुकलं होतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यातली ती गोष्ट मी विसरलेले नाही.

शहराच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याची मी तेव्हा प्रभारी होते. सकाळची हजेरी झाली, रात्रगस्तीचा अहवाल वाचून झाला आणि ठाणे अंमलदाराने एका जोडप्याला आत पाठवलं. गृहस्थ जवळच्या नंदनवन वस्तीतले, सरकारी नोकरीतून निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट. पत्नीच्या हातात काठी. ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. तेवढं चालणंच तिला जड गेलं होतं.

तक्रार द्यायची नाही, फक्त सल्ला हवा, असं गृहस्थांनी सुरुवातीलाच सांगितलं. त्यांच्या एका मित्राच्या बँक खात्यातून काही रक्कम परस्पर गेली होती. तर मित्राने काय करावं?

मित्रासाठी चौकशी करायला आलेला माणूस मित्राचं नाव विचारलं की पाणी मागतो. यांनीही मागितलं. ते पीत असताना मी नेहमीचे प्रश्न विचारले. मित्राने ओटीपी कुणाला सांगितला का? नाही. बँकेतून बोलतो म्हणून कुणाचा फोन आला का? नाही. एखादी लिंक दाबली का? नाही. तिन्ही उत्तरं माझ्याकडे बघून दिली, म्हणजे खरी होती. मग विचारलं, एवढ्यात फोनवर नवीन काय उघडलं? आता त्यांची नजर टेबलावरच्या शिक्क्यांकडे गेली. तसं काही आठवत नाही, म्हणाले.

आरोपीकडून खरं काढून घेण्याची सवय आम्हाला असते. फिर्यादीच लपवतो म्हटल्यावर वेगळी पद्धत लागते. मी आवाज चढवला नाही. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकत जातात, लवकर कळलं तर वाटेत थांबवता येतात, उशीर झाला की फक्त कागद उरतात, एवढं समजावून सांगितलं. बँक कोणती तेवढं तरी सांगा, म्हटलं. ते मान हलवत राहिले आणि बँकेचं नाव काही सांगेनात.

शेवटी काठी फरशीवर आपटली.

"मॅडम, मित्र-बित्र कोणी नाही. आमचंच खातं हाये. व्याह्यानं मोबाइलवर पत्रिका धाडली, तेच उघडून पाहून राहिले होते दिवसभर."

"तुले मध्ये बोलाले कोणं सांगितलं वं?"

"मंग गुडघे कोणाचे हायेत? तुमच्या मित्राचे?"

गृहस्थांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं. मुलीच्या सासऱ्यांच्या नंबरवरून, म्हणजे उमरेडच्या व्याह्यांकडून, निरोप आला होता: लग्नाला सहकुटुंब यावे. खाली पत्रिका. व्याह्यांचा धाकटा मुलगा लग्नाचा होता. म्हणजे सोयरीक जुळली, तारीख निघाली आणि आपल्याला पत्ता नाही. घरी येऊन अक्षता देणं दूरच, पत्रिका मोबाइलवर, जशी गावाला तशी आपल्याला. नवरी कुठली ते तरी बघावं म्हणून ते दाबत गेले. फोन परवानगी मागेल ती देत गेले. पत्रिका काही उघडली नाही. व्याह्यांना विचारावं, तर आपण मानासाठी हपापलेलो दिसू. म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं, तेव्हा तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

"व्याह्याचं नाव कागदावर नका घेऊ मॅडम. पोरीले तिथं नांदायचं आहे."

ती पत्रिका नव्हतीच. ते एक ॲप होतं. त्यांना आलेले बँकेचे निरोप, ओटीपीसकट, परस्पर भामट्यांकडे जात होते. त्यात यांनी विसरू नये म्हणून डेबिट कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि पासवर्डाची चिठ्ठी फोनमध्येच जपून ठेवली होती. घराला कुलूप लावून किल्ली तिथेच लटकवण्यातला प्रकार.

मी त्यांच्या फोनचं नेट बंद केलं आणि ठाण्याच्या फोनवरून बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना गाठलं. त्यांनी खातं तपासलं. मग म्हणाले, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली मुदत ठेव त्याच सकाळी ऑनलाइन मोडली गेली आहे. गृहस्थांना याची खबरच नव्हती. ते खुर्चीचा हात धरून बसले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात पुढच्याच आठवड्यात पैसे भरायचे होते.

"पैसे गेले का?" मी विचारलं.

"ठेव मोडून खात्यात आलेत. नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी थोडीच रक्कम पाठवता येते, म्हणून अडकले. उद्या गेले असते."

खातं तिथल्या तिथे गोठवलं. आधी गेलेल्या रकमेची तक्रार आमच्या हवालदार बाईंनी सायबर मदतवाहिनीवर नोंदवली. संध्याकाळपर्यंत त्या रकमेतली बरीचशी पुढच्या खात्यात रोखल्याचं कळलं. ती नंतर न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाली. रक्कम रोखल्याचं सांगितलं तेव्हा पत्नीने चहा मागितला, साखर जास्त टाकून.

राहिले व्याही. त्यांना मीच फोन केला. लग्नाचं नाव काढताच ते वैतागले. कोणाचं लग्न मॅडम, कालपासून हेच ऐकून राहिलो, म्हणाले. त्यांनीही अशीच कुणाचीतरी पत्रिका उघडली होती, आणि तेव्हापासून त्यांचा फोन ओळखीच्या प्रत्येकाला निमंत्रण धाडत होता. हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. मग नंदनवनला का कळवलं नाही? उत्तर आलं, "व्याह्याजवळ आपलं हसू कसं करून घ्याचं?"

त्यांचंही खातं बंद करायला लावलं. दोघांच्या फोनमधलं सगळं पुसून घेतलं. पुढचा तपास सायबर शाखेकडे गेला. ज्यांच्या खात्यांत पैसे फिरले ती माणसं सापडली, त्यांचा म्होरक्या सापडला नाही. माझ्या हिशेबी तरीही ते प्रकरण चांगलं निकालात निघालं. बँकेने खातं वेळेत खुलं केलं आणि गृहस्थांच्या पत्नीचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

फसलेला माणूस लोभी किंवा अडाणी असतो, असं लोक धरून चालतात. माझ्या ठाण्यात आलेले बरेचसे नुसते भिडस्त होते. भामट्याला बँकेचं कुलूप तोडावं लागत नाही. आपण एकमेकांना विचारणार नाही, एवढं त्याला पुरतं. पत्रिका, फोटो, बिल, काहीही असो, ते उघडायला फोन परवानगी मागू लागला की हात मागे घ्यावा आणि पाठवणाऱ्याला फोन करावा. कार्ड आणि पासवर्ड फोनमध्ये ठेवू नयेत. आणि पैसे गेलेच, तर आधी बँक व मदतवाहिनी. नातेवाइकांना काय वाटेल ते मग.

त्या रात्री घरी गेले तर माझ्याही फोनवर एक पत्रिका येऊन पडली होती, नणंदेच्या नंबरवरून. सकाळी ड्युटीवर निघण्याआधी तिला फोन लावला आणि सरळ विचारलं, ही तूच पाठवलीस का? तुम्हा पोलिसांना घरातलेही चोरच दिसतात, इथून जी ती सुरू झाली, ती बराच वेळ थांबली नाही. मी सगळं ऐकून घेतलं. तिच्या नातवाची मुंज होती आणि पत्रिका तिनेच पाठवली होती. मग मी ती उघडली.