अक्षरं असलेलंच लाव

किस्से कुणी गोळा करायला जात नाही. तीन मुली, एक मोबाईल आणि चाकणच्या तळेगाव चौकातलं ट्रॅफिक एवढं सामान असलं की ते आपोआप साठतात. आमच्या कंपनीच्या बसमध्ये, शेवटच्या सीटवर, तीन वर्षांत इतके साठलेत की निम्मे मी विसरलेय. आणि जे विसरावेत असं वाटतं ते नेमके पाठ झालेत!

तिघी म्हणजे मी पल्लवी, मूळची मोशीचीच. मनीषा, लातूरकडची. आणि ज्योती, जी आमच्याच चाळीत भाड्याच्या खोलीत आईबरोबर राहते. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तिघी प्रेस शॉपला. मोठाल्या प्रेस दिवसभर धाडधाड पत्रा कापतात आणि त्यांच्या शेजारच्या टेबलांवर उभं राहून आम्ही ते पार्ट तपासतो. फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते. चाकण ते मोशी बसला सव्वा तास लागतो. कोरियन मालिकेचा एक भागही सव्वा तासाचाच. एवढे गुण जुळल्यावर आम्ही तरी काय करणार!

*

पहिली मालिका संपली त्या दिवशी तिघी हमसून हमसून रडत होतो. नायिका विमानतळावर उभी, नायक काही पोचेना. बस चालवणारे बाळूकाका आरशातून बघत होते. त्यांनी आधी गाणी बंद केली. मग बस हळू केली. मग चक्क बाजूला घेऊन उभी केली आणि टोपी हातात धरून मागे आले.

"कोण गेलं गं पोरींनो?"

मनीषाने मोबाईल पुढे केला. काकांनी वाकून दोन मिनिटं बघितलं.

"ह्यो? ह्यो तर जिता हाय की! आन् मी मघापासनं गाडी चाळीसच्या वर न्हेईना!"

दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना हळूच म्हणाले, "पोचला का त्यो इमानतळावर?"

*

या मालिकांत एक ट्रक असतोच. सगळं गोड चाललंय म्हणेपर्यंत पांढरा ट्रक येतो आणि नायकाला उडवतो. मनीषा एकदा म्हणाली, "ह्यांना शूटिंगला चाकणला आणा म्हणावं. ट्रक शोधायची गरजच न्हाई पडायची!" अख्खी बस हसली.

फरक एवढाच की तिकडे ट्रकखाली आलेला माणूस फार तर स्मृती हरवून परत येतो. आमच्या सेकंड शिफ्टचा एक जण मागच्या दिवाळीआधी दुचाकीवरून चौकातून निघाला, तो घरी पोचलाच नाही. त्यानंतर ट्रकचा सीन आला की मनीषा तो पुढे ढकलते.

*

मनीषाच्या वाढदिवसाला वाकडच्या एका मॉलमधल्या कोरियन हॉटेलात गेलो. तिथे सगळ्या मुली मालिकेतून उठून आल्यासारख्या. आम्ही साबणाने तीनदा हात धुतले होते, तरी बोटांना प्रेसच्या तेलाचा वास येत होता. मी जेवण येईपर्यंत हात टेबलाखालीच ठेवले. अशा वेळी आपण फॅन नसून चोर आहोत असं वाटतं, का ते माहीत नाही.

मनीषाने सगळ्यात तिखट नूडल्स मागवल्या. वेटर घाबरला. "मॅडम, बहुत स्पायसी है. लोग छोड देते हैं."

मनीषाने शेवटचा थेंबसुद्धा ओरपला, ओढणीने तोंड पुसलं आणि त्याला म्हणाली, "भैय्या, आमच्याकडं असलं बाळंतिणीला देत्यात!"

*

आईला एकदा एक भाग दाखवला. त्यात सासू आपल्या होणाऱ्या सुनेच्या तोंडावर पेलाभर पाणी फेकते. आईने पदराला हात पुसत पुसत उभ्यानेच सगळा बघितला.

"सासू तीच, बोलणं तेच. हितं आमी जल्मभर हेच बघितलं. ते बघाया एवढ्या लांब कशापायी जायाचं?"

मी मोबाईल बंद करायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, "थांब की! पुढचा लाव."

आईचंही बरोबर होतं. आम्ही तरी दुसरं काय बघत होतो? त्या मालिकांमधल्या मुलीही कंत्राटावरच असतात, साहेबाच्या शिव्या खातात, भाड्याच्या खोलीत एकट्या जेवतात. फक्त त्यांचं सोळाव्या भागात भलं होतं. आपला कितवा भाग चालू आहे, ते मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

*

इअरफोनची एकच जोडी, त्याची दोन टोकं आणि आम्ही तिघी. ज्योती पहिल्या दिवसापासून म्हणायची, "मला नको, तुम्ही घ्या." केवढं मन मोठं बाई हिचं, असं आम्ही घरी जाऊन सांगायचो.

पण एका बाबतीत ती हट्टी. मनीषाला हिंदीत डब केलेली मालिका हवी असायची, कारण दिवसभर पार्ट बघून डोळे दुखतात, त्यात आणखी खालची अक्षरं कोण वाचणार! ज्योती ऐकायचीच नाही. "डब केलं की मजा जाते. अक्षरं असलेलंच लाव." यावरून दोघींची भांडणं व्हायची. एकदा मनीषा तिला म्हणाली, "लै शहाणी हाईस! कोरियात सासर हाय का तुझं?" ज्योती नुसती हसली. ती नेहमी नुसतीच हसायची.

*

एका शनिवारी मनीषाने डाव साधला. हिंदी डब केलेला भाग घरूनच भरून आणला, खाली अक्षरं नाहीत, आणि बस अर्धी रिकामी म्हणून मोठ्या आवाजात लावला. भाग विनोदी होता. आम्ही हसलो. ज्योतीही हसली, पण जरा उशिरा. पुढच्या विनोदालाही तसंच. मी मोबाईल सोडून तिच्याकडे बघायला लागले. ती मोबाईल बघतच नव्हती, आमची तोंडं बघत होती.

मी तोंडासमोर ओढणी धरली आणि म्हणाले, "ज्योती, तुझ्या खांद्यावर झुरळ आहे."

झुरळ म्हटलं की खुर्चीवर चढणारी ही बाई. ती माझ्याकडे बघून गोड हसली.

मोशीला उतरल्यावर मी तिला रस्त्याच्या कडेला थांबवून समोरून विचारलं. मनीषा आमच्या मागे खांबासारखी उभी.

"चार वर्षं झाली," ज्योती म्हणाली. "आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या. मग फोनची रिंग. मग आईची हाक. आता समोर तोंड दिसलं तर कळतं. प्रेस तेवढी ऐकू येते. सुट्टीच्या दिवशी घरीपण ऐकू येते."

कंपनीने कानात घालायचे नारिंगी प्लग दिलेत, नाही असं नाही. पण प्लग घातले की सुपरवायझर घुले साहेबांची हाक ऐकू येत नाही, आणि हाक ऐकली नाही की ते सगळ्यांसमोर सालटं काढतात. म्हणून आमचे प्लग दोरीने गळ्यात असतात. ज्योतीचे पाच वर्षं गळ्यात होते.

"मग मालिका कशाला बघतेस गं?" मनीषाने विचारलं. तिचा आवाज फुटला होता, पण ते ज्योतीला कुठून कळणार!

"अक्षरं असतात ना. कोण काय बोललं ते मला तुमच्याबरोबरच कळतं. दुसरीकडे कुठे तसं होत नाही."

मग तिने आम्हा दोघींचे हात धरले. "कुणाला बोलू नका. पुढच्या महिन्यात मेडिकल आहे. त्यानंतर परमनंटची यादी लागणार. माझं नाव आहे."

मनीषा त्या दिवसापासून डबचं नाव काढत नाही.

*

नियमाच्या फाईलमध्ये लिहिलंय की कानाच्या तपासणीत कुणी नापास झालं तर त्याला पॅकिंगला बदली द्यावी. फाईलमध्ये पुष्कळ काही लिहिलंय. कंत्राटातल्या मुलीला ठेकेदार एवढंच सांगतो, "उद्यापासून येऊ नको." ज्योतीच्या घरात कमावणारी ती एकटी. म्हणून आम्ही ठरवलं की तिला पास करायचं.

तपासणी सोपी असते. कानाला हेडफोन लावतात, बारीक बीप वाजला की हातातलं बटण दाबायचं. समोर लॅपटॉप घेऊन तपासणारा बसतो. बीप ऐकू येणार नाही, पण तपासणाऱ्याचं तोंड तर दिसेल! आठ दिवस माझ्या खोलीत तालीम केली. मी तपासणारी, मनीषा डॉक्टर. ज्योती माझ्या खांद्यावरून, मानेवरून, पापणीवरून ओळखायला शिकली. आई डोकावली. "काय चाललंय गं?" "परीक्षा आहे आई." "कसली?" मनीषाने हळूच दार लोटून घेतलं.

प्रत्यक्षात कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये एक दगडी चेहऱ्याचा माणूस बसला होता. ना मान हलायची, ना पापणी. रांगेत मी ज्योतीच्या मागे. ज्योतीने मात्र दहा सेकंद त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि मग बटण दाबायला सुरुवात केली. एकदाही चुकली नाही. कागदावर शिक्का, नॉर्मल.

बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. "बीप द्यायच्या आधी खालचा ओठ चावतो. पल्ले, हा माणूस बायकोला जन्मात फसवू शकणार नाही!"

आम्ही तिघी जिन्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

तीन आठवड्यांनी यादी लागली. ज्योतीचं नाव तिसरं. नावापुढे पद, पदापुढे विभाग. प्रेस शॉप. परमनंट म्हणजे कायम. आम्ही पेढे वाटले. माझा पेढा मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, का ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ज्योतीला तिथून बाहेर काढायची एकच संधी तपासणीच्या त्या कागदावर होती, आणि ती हुकावी म्हणून आठ दिवस मीच तिची तालीम घेतली होती.

*

त्यानंतर महिन्याभरात ऑडिट आलं. आमचे पार्ट ज्या कोरियन कंपनीला जातात तिथले साहेब येणार! मालिकेत नाही, समोर, खराखुरा कोरियन माणूस! मनीषा आदल्या दिवशी भुवया करून आली.

आले ते साठीचे एक म्हातारे. पांढरे केस, थोडा बाक, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच. प्रेस शॉपमध्ये जन्म घालवलेल्या माणसाची ओळख पटवायला आधार कार्ड लागत नाही. बरोबर दुभाषी मुलगी, एचआरच्या मॅडम, घुले साहेब. ऑडिटचा दिवस, त्यामुळे सगळ्यांचे प्लग कानात. मी शेजारच्या टेबलावर. ऐकायला मिळावं म्हणून मी माझा एक हळूच काढला होता.

ज्योतीच्या टेबलाशी ते थांबले. ज्योती मालिकेतल्यासारखी वाकली. ते हसले आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलले. प्रेस धाडधाड चालू. दुभाषी मुलगी ओरडली, "सर, फिर से बोलिए!" आणि मग जीभ चावून तेच कोरियनमध्ये ओरडली.

पण ज्योतीने उत्तर दिलंसुद्धा. पोटावर हात ठेवून मान हलवली, आणि बोटांनी घास घेतल्याची खूण केली. जेवले म्हणून! 'जेवलीस का?' हे वाक्य त्या लोकांच्या मालिकांत सारखं येतं, प्रेमात, भांडणात, मयताला. तीन वर्षं ती ते ओठांवर बघत होती.

म्हातारे साहेब ज्योतीकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून एक छोटी डबी काढली आणि तिच्यासमोर उघडली. आत ऐकायची दोन मशिनं. त्यांनी अर्ध्या बोटाने आपला एक कान दाखवला, मग दुसरा. मग ते बोट ज्योतीच्या कानाकडे नेलं आणि भुवया उंचावल्या.

एचआरच्या मॅडमनी वहीतून मान वर केली. घुले साहेब ज्योतीच्या मागे येऊन उभे राहिले. मनीषा पलीकडच्या टेबलावर पार्ट हातात धरून तशीच थांबली.

दुभाषी मुलगी ज्योतीच्या तोंडासमोर येऊन ओरडली, "सर पूछ रहे हैं, आपको भी?"

ज्योतीने त्या डबीकडे बघितलं. मग मॅडमकडे. मग हसली.

"नाही सर. मला सगळं ऐकू येतं."

दुभाषी मुलीने ते कोरियनमध्ये ओरडून सांगितलं. साहेबांनी दुभाषीकडे पाहिलंही नाही. मशिनं अजून डबीतच होती, म्हणजे तिचं ओरडणं त्यांना ऐकूही आलं नसणार. त्यांनी डबी मिटून खिशात ठेवली, दोन्ही हात मांड्यांशी घेतले आणि ज्योतीसमोर कमरेतून वाकले. वाकलेलेच राहिले.

घुले साहेबांची धांदल उडाली. ते ज्योतीच्या मागूनच, तिला तोंड न दिसता, ओरडले, "अगं ज्योती, बघतेस काय! तूपण वाक की!"

ज्योती ताठ उभी होती.