काठावरच्या चपला

आधीच सांगते, मी असलं काही मानणाऱ्यातली नाही. चौकात उताऱ्याचं लिंबू दिसलं तर ही बाई उचलून सरबत करेल, अशी सासरी माझी ख्याती आहे. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला शहाणपण शिकवू नये... मी स्वतःच अजून चक्रावलेली आहे.

मी डोणगावला राहते, मेहकर तालुक्यात. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करते. आमचं ॲप म्हणजे कामांचा फळा — कोणतं काम कोणाकडे, कुठवर आलं, पुढचं कधी. आता हा फळा एआय एजंट सांभाळतो. त्याच्या हाताशी वीस-बावीस टूल असतात आणि प्रत्येकाचं वर्णन मी लिहिते: हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी मुळीच नाही. बिचाऱ्याला डोळे नाहीत, जे लिहिलंय ते वाचूनच तो ठरवतो. वर्णन ढिसाळ असलं की तो बेधडक चुकतो.

माझे धाकटे दीर गजाननभाऊजी विहिरी खोदायची कामं घेतात. चाचणीसाठी मी त्यांचंच एक काम फळ्यावर घेतलं. खाली उतरलेला प्रत्येक गडी बाहेर आला की मोबाईलवर 'वर आलो' अशी नोंद करायचा. सगळ्यांच्या नोंदी झाल्या की एजंट शेवटचं टूल वापरायचा — 'उडवायची परवानगी'. मग लांब बॅटरी घेऊन बसलेल्या ब्लास्टिंगवाल्याला मेसेज जायचा आणि तो सुरुंग उडवायचा. त्या टूलचं वर्णन मी एका ओळीत लिहिलं होतं: सर्वांची 'वर आलो' नोंद झाल्यावर वापरावे. सुटसुटीत लिहिलं म्हणून स्वतःवर खूषही होते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी घरात लॅपटॉपवर फळा बघत होते. सुरुंग भरून झाले, पाचही गड्यांच्या नोंदी आल्या, भाऊजींचीसुद्धा. आता परवानगी जाणार... पण जाईना. एजंट थांबून राहिला. त्यानं क्रेनवाल्या शेषरावकाकांना उलट प्रश्न पाठवला होता: काठावर चपला किती आहेत?

मला रागच आला. असलं काही मी लिहिलेलं नव्हतं. म्हटलं, हा बरळायला लागला, पुण्याला काय तोंड दाखवू? मी हातानंच परवानगी पाठवणार होते. बटणावर बोट होतं. तरी आधी काकांना फोन लावला.

"काका, ते चपलांचं सोडा. मीच पाठवते परवानगी."

"थांब बाई, थांब." काका धापा टाकत होते. "लिंबाखालून उठून काठावर आलो मी. एक जोड हाये इथं."

मग फोनमधूनच त्यांची हाक ऐकू आली, "खाली कोन हाये बे?"

आणि विहिरीतून भाऊजींचा आवाज आला, "मी हाव ना! सब्बल राह्यली व्हती, ते घ्याले आलो."

वर आल्याची नोंद करून, बाकीचे कडुलिंबाखाली गेल्यावर ते राहिलेली पहार आणायला दोरीच्या शिडीनं परत उतरले होते. कोणाला न सांगता. लॅपटॉप बाजूला सारून मी खूप रडले.

दुपारी काका घरी आले. "पोरी, तुह्या मशीनले हे कोनं सांगतलं?" म्हणाले. "विहिरीत उतरताना चपला काठावर काढाच्या अन् उडवाच्या आधी त्या मोजाच्या, हे फक्त तुह्या सासऱ्याची रीत व्हती. ते गेले अन् आमी मोजनं सोडलं."

सासरेही विहिरीच खोदायचे, पण ते माझ्या लग्नाच्या आधीच गेले. ही रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

टूल उघडून बघितलं. माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती: काठावरल्या चपला मोजा. एक जोड बी उरला तं थांबा.

सासूबाईंना वाचून दाखवली. "हे तं त्याईचंच बोलनं हाये," एवढंच म्हणाल्या.

आता गंमत बघा. बदलांच्या नोंदीत ती ओळ पहिल्या दिवसापासून आहे, माझ्याच नावावर. पण त्या प्रसंगाच्या दोन दिवस आधी मी पुण्याला मेल केलेल्या प्रतीत ती नाही. एजंटला वर्णनं बदलण्याची सोयच नाही, आणि माझा पासवर्ड घरात कोणालाही माहीत नाही. सहकारी म्हणाला, मॉडेल कुठूनतरी शिकलं असेल. पण पाच-सात माणसांच्या टोळीची मोडलेली रीत ते शिकणार तरी कुठून?

पुढे कंपनीच्या तपासणीत माझ्या बाकीच्या वर्णनांवर लाल खुणाच खुणा आल्या. त्या ओळीपुढे मात्र साहेबांनी लिहिलं — काय बघायचं, कधी थांबायचं, सगळं स्वच्छ आहे, असंच लिहीत जा. खरं सांगते, तसं लिहिणं मला अजून जमलेलं नाही.

रोज संध्याकाळी भाऊजी समोर बसून जेवतात, आणखी एक भाकर मागून घेतात. मी वाढते. हात जोडायचे तर कोणापुढे, ते मला आजही कळत नाही.