जपानी चाकू आणि देवरीचं कोहळं

आमच्या घरात अख्खं कोहळं फोडायचं काम माझं आहे आणि स्वयंपाकघरातलं दुसरं कुठलंही काम माझं नाही.

हा नियम मी केलेला नाही. आमच्याकडे बायका अख्ख्या कोहळ्याला (पुण्याकडे त्याला लाल भोपळा म्हणतात म्हणे) पहिला घाव घालत नाहीत. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, त्याच्यावर बाईनं हत्यार कसं उचलायचं? मग पुरुष येतो, कोयत्यानं एक घाव घालतो, दोन फोडी करतो आणि हात झटकून निघून जातो. पुढचं चिरणं, शिजवणं, भांडी घासणं सगळं बायकांचं. माझा हात इतका साफ, की तिरोड्यातल्या आमच्या गल्लीत कुणाचा नवरा बाहेरगावी गेला की कोहळ्यासाठी बोलावणं मला येतं.

तर झालं असं, की माझ्या बायकोचे, सुलभाचे, गुडघे दुखायला लागले. डॉक्टरनं सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. आता आमच्याकडे भाजी चिरतात पावशीवर, आणि पावशी म्हणजे (विळी हो!) खाली बसून, पायाखाली दाबून चालवायची वस्तू. सुलभानं दोनचार दिवस ओट्याशी उभं राहून पाहिलं. पण घरातला चाकू असा, की त्यानं टमाटर कापलं जात नसे, नुसतं चेंगरत असे. शेवटी ती पुन्हा पावशीवर बसली आणि उठताना भिंतीला धरून "आई गं" म्हणाली. माझा जीव कळवळला. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की तुला जपानी चाकू आणून देतो.

"जपानी कायले?" ती म्हणाली. "तिरोड्यातले चाकू मेले का?"

आता हिला काय सांगणार! माझं स्टेशनरीचं दुकान आहे. शाळा सुटेपर्यंत तिकडे माशी फिरकत नाही, त्यामुळे मोबाईलवर मी चाकूंचा भरपूर अभ्यास केला होता. जपानी पोलाद कडक, पातं पातळ, धार अशी की कांदा कापला जातोय हे कांद्याला कळू नये. अडचण एकच होती. खर्चाला पैसे होते ते कूलरच्या नव्या पंपासाठी बाजूला ठेवलेले, तेवढेच, आणि मोबाईलवर जे चाकू आधी दिसत त्यांच्या किमतीत एखादी जुनी मोपेड आली असती. मांस कापायचा वेगळा, मासळीचा वेगळा, भाजीचा वेगळा. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असली की किंमत दुप्पट. नक्षीनं काय वांगं लवकर शिजतं?

गोंदियाला जाऊन पाच दुकानं पालथी घातली. एका भांडेवाल्यानं तलवार घेतलेल्या माणसाचं चित्र असलेला खोका पुढे केला. हा जपानीच कशावरून, असं मी विचारलं, तर तो चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "देखिए ना भैया, आदमी जापानी है." मी कपाळावर हात मारून घेतला आणि परत आलो.

शेवटी मोबाईलवरूनच मागवला. सांतोकू नावाचा, मधल्या लांबीचा, बिननक्षीचा, गंज न धरणारा, लाकडी मुठीचा. कूलरचा पंप गेला, पण चाकू आला. पहिलंच टमाटर असं कापलं गेलं, की चकतीतून पलीकडचं कॅलेंडर दिसावं. सुलभानं हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "बरा हाय." (लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून एवढं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही.) आठवडाभर तिनं उभ्यानं भाजी चिरली. एकदाही भिंत धरली नाही. मला खरंच फार बरं वाटलं.

आणि त्या आनंदात मी नियम केले. हाड तोडायचं नाही. बर्फ फोडायचा नाही. नारळाच्या जवळ न्यायचा नाही. सगळ्यात मुख्य म्हणजे, पातं अडकलं तर पिळायचं नाही, कारण कडक पोलाद वाकत नाही, तुटतं. हे मी सुलभाला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. कोहळ्याचं नाव यादीत नव्हतं. नियम दुसऱ्यांसाठी होते, आणि कोहळं फोडणारा तर मीच!

रविवारी देवरीहून सुलभाचे थोरले भाऊ शालिकदादा आणि वहिनी आले. दादांनी आपल्या वाडीतलं कोहळं बसमध्ये अख्खा रस्ता मांडीवर धरून आणलेलं. भाजी-पुरी आणि कोहळ्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, करायचं ठरलं. सुलभानं सवयीनं कोयता माझ्या पुढ्यात ठेवला. मी हसलो. साळ्यासमोर कोयता? घरात सांतोकू असताना?

"कोयताच बरा हाय जी," सुलभा म्हणाली.

मी ऐकतो थोडाच! बाही वर सारली आणि देठाजवळ घाव घातला. पातं अर्धं आत गेलं आणि बसलं तिथेच. ना पुढे जाईना, ना मागे येईना. मी चाकू उचलला तर कोहळंही सोबत उचललं गेलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा अदबीनं म्हणाले, "जवाईबापू, कोयता देऊ का?"

माझं डोकंच फिरलं. मुठीला दोन्ही हात लावले आणि पातं पिळलं. कोहळं फुटलं, अगदी दोन फोडी. पण त्याआधी एक बारीकसा 'टिक्' आवाज आला होता. चाकू वर धरून पाहिला तर धारेतून नखाएवढा तुकडा गायब.

"तुकडा कुठी गेला?" सुलभानं विचारलं.

तो गेला होता कोहळ्यात. फेकून द्या म्हणावं तर दादांनी लेकरासारखं मांडीवर आणलेलं! दुकानातून चुंबकवाली कंपासपेटी आणून मी फोडींवरून फिरवली. काही लागलं नाही. मग एकच उपाय उरला, सगळं कोहळं बारीक चिरून फोड न् फोड तपासायची. तुटक्या चाकूला हात लावायला कुणी तयार नव्हतं, आणि वहिनी तर पाहुण्या. सुलभानं निमूटपणे पावशी ओढली आणि भिंतीला हात लावून वाकली.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले होते!" मी ओरडलो.

ती अर्ध्यावरूनच सरळ झाली. माझ्याकडे पाहिलं, पावशीकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "डॉक्टरनं मले मनाई केली. तुमाले केली का?"

शालिकदादा एकदम पंख्याकडे पाहायला लागले. मी बसलो. साळ्यासमोर, लुंगी सावरून, पावशीवर. (पहिल्यांदा उलटाच बसलो, वहिनींनी फिरवून बसवलं.) दोन्ही पायांना मुंग्या येईपर्यंत अख्खं कोहळं चिरलं, बिया चाळल्या, गर पिळला. तुकडा सापडला तो देठात. देठ कुणी खात नाही म्हणून मी तो सगळ्यात आधी बाजूला टाकून दिला होता! भाजी चांगली झाली होती. पण तुकडा सापडला तरी जेवताना सगळे फार जपून चावत होते.

माझी निवड चुकली असं आता गल्लीत सगळे म्हणून राहिले. मला ते मुळीच मान्य नाही. सुलभाचं खाली बसणं बंद व्हावं म्हणून मी जपानी चाकू घेतला होता, आणि त्या रविवारपासून ते साफ बंद झालं आहे. रोज सकाळी पावशीवर मी बसतो. आणि उठताना भिंतीला धरून "आई गं" म्हणतो.