कौतिकाचा ठसा

सन २०११ची गोष्ट. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही — पण हे तोंडाने कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. म्हणून आता लिहून राहिलो.

कौतिका म्हणजे माझी वहिनी, मोठ्या भावाची विधवा. धान कापायच्या आधी ती बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, उतरायची अन् एकसारख्या लोंब्या एकेक करून वेचायची. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. तसं बारीक, वासाचं धान आमच्या भागात कोणाचंच नव्हतं. ते बियाणं पोत्यात भरून विकायचं मी ठरवलं. नाव काय ठेवायचं? मी म्हटलं, तुमचंच.

"माझं नाव नोका टाकू, भाऊजी. पोत्यावर गेलं का कोणाच्याही हाती लागते."

"तुमचं नाव कोण चोरते, वहिनी? सोन्याचं हाय का?"

तिच्या नावाचा ठसा बनवून आणला.

दोन-तीन वर्षांत साकोलीच्या बाजारात कोणतंही बारीक धान कौतिका झालं. मी सगळ्यांना चोर म्हणून शिव्या देत फिरलो. पण पहिला चोर कोण? इथंच हात अडतो माझा. मागणी वाढली, तिच्या लोंब्या पुरेनात — तर बाजारातलं धान आणून तिच्या नावाच्या पोत्यात मी भरलं. सगळ्यांच्या आधी, मीच.

त्या वर्षी, २०११ ला, एकोडी गावचे चार शेतकरी उपटलेली रोपं अन् रिकामं पोतं घेऊन अंगणात आले. एकाच बांधीतलं धान — काही पिकून वाकलेलं, काही हिरवंगार, लोंबच नाही.

"कौतिकाबाई, हे तुमचंच नाव न? काहून फसवलं आमाले?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, आपलं पोतं नसन न हे?"

पोत्याची शिवण माझ्या हातची होती.

"नाही," मी म्हणालो. "आता कोणीही तेच नाव लावते."

तिने मानलं. तरी त्यांच्यापुढे हात जोडले — नाव आपलं म्हणून — अन् त्या हंगामात वेचलेल्या लोंब्यांची अख्खी टोपली त्यांना देऊन टाकली. त्यानंतर लोंब्या वेचायला ती कधी बांधीत उतरली नाही. मेली तोपर्यंत. आता भेसळीच्या बियाण्याला लोक कौतिका म्हणतात. मी ऐकतो.

त्या दिवशी खोटं बोललो तेव्हा मला काय वाटलं? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात नवा बारदाना, रिकामी पोती, पसरला अन् ठसा मारत बसलो. वहिनी चहा घेऊन आली. शाई ओली होती — नावावर पाय पडू नये म्हणून ती कडेकडेने चालत आली. मी चहा घेतला.