नळीतला उजेड

सुभेदार आधी मारत, मग बोलत. टेबलावर मूठ, दारावर लाथ, आणि फारच डोकं फिरलं तर समोरच्याच्या कानाखाली. इथे आखातात, खलिफा सिटीत, आमच्या शेजारच्या व्हिलात ते आणि काकू राहत. फौजेतून निवृत्त होऊन ते इथल्या एका सिक्युरिटी कंपनीत मॅनेजर झाले होते, तरी सुभेदार हे नाव काही सुटलं नाही. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात घरटी एक फौजी. मला त्यांची भीती वाटे आणि तरीही ते फार आवडत. दर शनिवारी मी त्यांच्याच गाडीतून नेमबाजीच्या क्लबात जायची. कॉलेजातल्या एनसीसीने लावलेली ती चटक होती.

"जन्मभर सरकारची रायफल चालवली, ताई. आता मरायच्या आधी एक माझी पाहिजे," ते म्हणत. दुसरं काही त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं मी ऐकलं नाही. नवी घेतली असती तर काकूंनी घराबाहेर काढलं असतं. म्हणून रीतसर परवानगी काढून, क्लबच्या सभासदांकडून जुने सुटे भाग घ्यायचे आणि क्लबच्याच वर्कशॉपमध्ये ते जोडून घ्यायचे असं ठरलं. लाकडी दस्ता एकाकडून आला, खटका दुसऱ्याकडून. नळी विकणाऱ्याची तर त्यांनी कॉलरच धरली. "आठशे दिरहम? म्हणजे अठरा हजार झाले की रे, दरोडेखोरा!" शेवटी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात झिजलेली नळी त्यांनी घेतली आणि लेकराला कुरवाळावं तशी पुसत बसले.

त्यांचा एकच नियम होता. गोळी भरण्याआधी नळीतून आरपार बघायचं, पलीकडचा उजेड दिसला तरच भरायची. एका शनिवारी पुण्याहून आलेल्या कुलदीप नावाच्या कॉम्प्युटरवाल्याने न बघताच गोळी भरली. सुभेदारांनी रायफल त्याच्या हातातून हिसकावून खाली ठेवली आणि अशी थोबाडीत लगावली की तो खुर्चीसकट आडवा झाला. ओठ फाटला, शर्टावर रक्त सांडलं. "उजेड बघितलास? बघितलास का रे?" ते ओरडत होते. रेंजचा अधिकारी धावत आला. "खलास, बस, सुभेदार! अब हाथ उठाया तो क्लब से बाहर." कुलदीपने पोलिसात तक्रार केली नाही म्हणून निभावलं, नाहीतर त्यांची सरळ मायदेशी रवानगी होती.

परतताना गाडीत मी चांगलीच भडकले होते.  ते म्हणाले, "चौकीवर माझा जोडीदार होता. नळीत चिखल गेलेला, गोळी झाडताच ती फुटली. चेहरा राहिला नाही, ताई, माझ्या मांडीवर गेला तो. थोबाडीत खाल्लेला माणूस निदान घरी तरी जातो." माझा राग तरीही गेला नाही.

रायफल तयार झाली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. शस्त्र पुजल्याशिवाय पहिली गोळी झाडणं त्यांना शक्यच नव्हतं. खंडेनवमीला क्लबच्या शस्त्रागारात परवानगी मागून त्यांनी टेबलावर रायफल मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि नळीच्या तोंडात झेंडूचं एक फूल खोचलं. गावाकडे पाठवायला फोटो काढला. "बघ, माझी," म्हणाले. डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्यांनी फूल ओढून काढलं, कपाळाला लावलं, खिशात ठेवलं. दांडा तुटून नळीत राहिला होता, ते नंतर कळलं. पुजलेल्या रायफलीत काय असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी आत बघितलं नाही. चाप ओढला आणि जुनी नळी फाटली. चष्म्याखालून तुकडा उजव्या डोळ्यात शिरला. दस्ता रक्ताने भरला. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, मार मला. त्याला मारली तशी मार."

माझा हात उठेना. मग त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली, रक्ताच्या हाताने, पूर्ण ताकदीने. दुसऱ्यांदा उचललेला हात कुणीतरी घट्ट धरला. तो कुलदीप होता. "बास, काका," म्हणत त्याने आपला रुमाल त्यांच्या डोळ्यावर दाबला.

डोळा गेला. नोकरीही सुटली, आणि सुभेदार गावी परतले. जाताना दस्ता मला दिला. "तुझी पहिली रायफल यावर बांध. पण नळी स्वस्तातली घेऊ नकोस." मी बांधली. दस्त्यावरचा काळपट डाग काही निघाला नाही, आणि मीही फार घासला नाही.

शनिवारी रेंजवर पोचले की मी त्यांना फोन लावते.

"उजेड?"

"दिसतोय, काका."

"पुन्हा बघ. नाहीतर तिथे येऊन थोबाड फोडीन."

ते आता कुठेही येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी पुन्हा बघते.