चुंबकावरचा पिवळा डाग

गंधकाच्या संयुगाला एक ऑक्सिजन द्यायचा आणि तिथेच थांबायचं. दुसरा जोडला गेला की हवा तो पदार्थ हातचा जातो. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प एवढाच होता. त्यासाठीचा उत्प्रेरक सरांनी सुचवला होता: जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळईवरून गळणारी लोखंडाची खपली. ती मी कुटली, धुतली, भाजली. तीनदा प्रयोग केला आणि तिन्ही वेळा तपासणीच्या काचपट्टीवर हव्या त्या पदार्थाचा एकच ठिपका आला. सरांनी ते सगळ्या विभागाला सांगितलं. वर्गात मी तोंड उघडत नाही हे ठाऊक असूनही परिषदेत बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांनी माझं नाव घातलं.

परिषदेला आठवडा होता, तेव्हा मी राहून गेलेला एक प्रयोग केला. बाकी सगळं तेच, फक्त भुकटी घालायची नाही. काही घडायला नको होतं. ठिपका आला, तितकाच स्वच्छ.

फ्लास्क नवा होता, रसायनं नवी होती. जुनं होतं ते फक्त मिश्रण ढवळणारं चुंबक, पांढऱ्या आवरणातलं, बोटाच्या पेराएवढं. त्यावर फिकट पिवळा डाग होता. तो मी पहिल्या दिवशीच पाहिला होता आणि लॅबच्या मामांना विचारलंही होतं.

"हळद हाय ती, ताई," ते म्हणाले होते. "खंडेनवमीला म्याच लावल्ती. सगळ्या मशिनीला लावली, मंग याला कामून सोडायचं?"

पूजेची हळद ॲसिडने घासायला माझं मन झालं नाही. घासू का, असं विचारायलाही जमलं नाही.

आता मी डागावर कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकला. हळद असती तर लाल झाली असती. मामा शेजारी वाकून बघत होते.

"न्हाई झाली लाल," ते म्हणाले. "माही हळद कव्हाच धुऊन गेली मंग. दोन वर्षाखाली त्या व्हॅनेडियमवाल्या ताई हेच चुंबक फिरवत बसायच्या."

व्हॅनेडियम हा धातू हे काम उत्तम करतो, हे पुस्तकातच आहे; डाग त्याचाच असणार. नवं चुंबक घेऊन, खपलीची भुकटी घालून मी प्रयोग पुन्हा केला. संध्याकाळपर्यंत जवळजवळ काही घडलं नाही.

सरांच्या केबिनच्या दारापर्यंत मी तीनदा जाऊन परत आले.

"इंग्रजीत जमत नसंल तर मराठीत सांगा," मामा म्हणाले. "पण सांगा."

मी पाचही पट्ट्या सरांच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि कोणती कशाची ते सांगितलं. आवाज मला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हता. सरांनी शेवटची पट्टी उचलून उजेडात धरली आणि परत ओळीत ठेवली.

"कोणाला दाखवलंस?"

"मामांना."

"बोलली नसतीस तर मला कळलं असतं का?"

"नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "खपलीचं मी सगळीकडे सांगून बसलोय. ते माझं मी निस्तरतो. यादीतून नाव काढतो तुझं."

मी पट्ट्या उचलायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे त्या इथेच."

मी दार हळूच ओढून घेतलं. प्रकल्प द्यायला अडीच महिने उरले होते आणि माझ्याकडे काहीच नव्हतं.